रक्तक्षयाची टक्केवारी काढताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, हेच प्रमाण ४८ टक्के होते. पुण्याच्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्या स्त्रियांची स्थिती काय आहे, याचे थेट उत्तर मात्र या आकड्यांत सापडत नाही. तिसऱ्या फेरीत (२००५-०६) देशातील आठ शहरांतल्या झोपडपट्ट्यांचे आकडे स्वतंत्रपणे काढले गेले होते. त्यांत महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूर होते, पुणे नव्हते. ही उणीव थोडी तरी भरून निघावी म्हणून करोनाची साथ ओसरल्यावर आमच्या संस्थेने येरवडा, ताडीवाला रस्ता, पर्वती पायथा आणि दांडेकर पूल या परिसरांतील वस्त्यांमध्ये स्त्रियांच्या हिमोग्लोबिनचे आणि आहाराचे सर्वेक्षण हाती घेतले. त्याचे विश्लेषण माझ्याकडे आले. आमचा अहवाल अजून प्रसिद्ध व्हायचा असल्याने त्यातील आकडे येथे देत नाही. ते आकडे कसे तयार झाले, एवढेच सविस्तर लिहीत आहे. सामाजिक संस्थांमध्ये काम करणाऱ्या अनेकांना हे काम करावे लागते आणि त्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिलेले आढळते.

सॉफ्टवेअर कोणते वापरायचे, हा प्रश्न लवकर सुटला. संस्थेत एक्सेल सर्वांना येते, पण एक्सेलमध्ये कोणी कोणत्या रकान्यात केव्हा काय बदलले याचा माग सहसा राहत नाही, आणि आरोग्याच्या माहितीबाबत मला हे धोक्याचे वाटते. एसपीएसएस हे संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असते. परंतु आमच्यासारख्या नमुना-सर्वेक्षणासाठी लागणारा त्याचा भाग वेगळा विकत घ्यावा लागतो. ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेली ‘आर’ ही प्रणाली विनामूल्य आहे, आणि थॉमस लमली यांनी तिच्यासाठी तयार केलेले ‘सर्व्हे’ हे पॅकेज नेमके आमच्या कामाचे होते. ‘आर’मध्ये प्रत्येक पायरी लिहून ठेवावी लागते. कच्च्या माहितीला हात न लावता ती लिहिलेली फाइल पुन्हा चालवली की तेच उत्तर मिळते, आणि दुसऱ्या कोणालाही ते तपासता येते. माझ्या दृष्टीने हे एकच कारण पुरेसे होते.

स्वतःच्या माहितीकडे वळण्याआधी मी राष्ट्रीय सर्वेक्षणाची मूळ फाइल घेऊन महाराष्ट्राचा छापील आकडा स्वतः काढून पाहायचे ठरवले. हे सर्वेक्षण मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होते. पाचव्या फेरीत देशभरातील ६,३६,६९९ कुटुंबांना भेटी देऊन ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या. नावे वगळलेली ही माहिती संशोधनाचा हेतू लिहून दिल्यावर मिळाली. छापील आकडा जुळवणे हा माझ्या मते नवशिक्यासाठी सर्वांत चांगला अभ्यास आहे, कारण उत्तर आधीच ठाऊक असते आणि ते येईपर्यंत थांबता येत नाही. या फाइलमध्ये हिमोग्लोबिन दशांशचिन्हाशिवाय साठवलेले असते. ११.६ ग्रॅम असेल तर ११६ लिहिलेले दिसते. त्याच रकान्यात ९९४, ९९५ आणि ९९६ असेही आकडे येतात. पहिल्याचा अर्थ ती स्त्री तपासणीच्या वेळी हजर नव्हती, दुसऱ्याचा अर्थ तिने नकार दिला, तिसऱ्याचा अर्थ अन्य काही कारणाने तपासणी झाली नाही. संगणकाला हे कळत नाही. सांगितले नाही तर तो नकार देणाऱ्या स्त्रीला ९९.५ ग्रॅम हिमोग्लोबिन देऊन मोकळा होतो आणि तिला निरोगी स्त्रियांत मोजतो. प्रत्येक स्त्रीचा सांख्यिकीय भारही (हिशेबात तिला किती वजन द्यायचे तो आकडा) असाच पूर्णांकात लिहिलेला असतो, त्याला दहा लाखांनी भागावे लागते. गरोदर स्त्रियांसाठी ११ ग्रॅम आणि इतर स्त्रियांसाठी १२ ग्रॅम ही रक्तक्षयाची मर्यादा वेगवेगळी लावावी लागते; त्याखाली आकडा आला तर रक्तक्षय. हे सारे लागू केल्यावर ५४.२ हा आकडा पडद्यावर आला, तेव्हाच आमच्या माहितीला हात लावण्याचा मला अधिकार आहे असे वाटले.

आमची माहिती मोबाइलवरील फॉर्ममध्ये भरलेली होती. स्त्रियांची नावे प्रथम वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये काढली आणि विश्लेषणाच्या फाइलमध्ये फक्त क्रमांक ठेवले. ज्यांचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅमपेक्षा कमी आले त्यांना तपासणीच्याच दिवशी दवाखान्यात पाठवण्याची व्यवस्था होती, त्यामुळे त्यांच्यासाठी माझ्या आकडेमोडीची वाट पाहण्याची गरज नव्हती.

वयाचा रकाना पाहिला, तर ३०, ३५ आणि ४० या वयांपाशी उंच मनोरे दिसत होते. भारतातल्या कोणत्याही सर्वेक्षणात असे दिसते. जन्मतारखेचा कागद हाताशी नसला की माणसे वय शून्यावर किंवा पाचावर आणून ठेवतात. आमच्या कार्यकर्त्या अनुभवी असल्याने त्या वय नुसते विचारून थांबत नसत. पुण्याच्या वस्त्यांत लातूर-धाराशिवकडून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यामुळे ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही शाळेत जात होता का’ असे विचारले की १९९३ हे साल हाताशी येते. वरच्या टोकाला अधिक काळजी घ्यावी लागली, कारण ‘मी बहात्तरच्या दुष्काळातली’ असे सांगणारी स्त्री नेमकी ४९ वर्षांच्या सीमेवर येते. दुष्काळाच्या सुरुवातीला जन्म झाला असेल तर ती आमच्या गटाबाहेर, आणि शेवटी झाला असेल तर आत. अशा नोंदी मी वेगळ्या खूण करून ठेवल्या आणि त्यांच्यासह व त्यांच्याविना अशी दोन्ही प्रकारे टक्केवारी काढली. फरक नगण्य निघाला, म्हणून त्या ठेवल्या.

हिमोग्लोबिनच्या रकान्यात मात्र बराच काळ थांबावे लागले. डिजिटल यंत्र दशांशासह आकडा दाखवते, तेव्हा शेवटचा अंक ० ते ९ यांपैकी कोणताही साधारण सारख्याच वेळा यायला हवा. तपासण्यासाठी मी कार्यकर्तीनिहाय शेवटच्या अंकांचे स्तंभालेख काढले. बहुतेकींचे स्तंभ जवळपास सारख्या उंचीचे होते. एका जोडीच्या नोंदींत मात्र ० आणि ५ हे अंक फार वर आले होते. त्या दोघींना बोलावून कामाची पद्धत विचारली, तेव्हा एकीने सरळ सांगितले, “ताई, मी यंत्र बघून सांगते आणि ही मोबाइलवर टाकते.” यंत्रावर ११.४ किंवा ११.६ दिसले की पहिली बोलताना ‘साडेअकरा’ म्हणत असे, ११.९ दिसले की ‘बारा’ म्हणत असे, आणि दुसरी प्रामाणिकपणे तेच भरत असे. बाजारात, स्वयंपाकघरात आपण सगळे असेच बोलतो. त्यात कोणाचा निष्काळजीपणा नव्हता. परंतु १२ हीच रक्तक्षयाची सीमा असल्याने ११.९ची बारा झालेली स्त्री आमच्या फाइलमध्ये निरोगी ठरत होती. त्यानंतरच्या भेटींत यंत्राच्या पडद्याचे छायाचित्र फॉर्मला जोडणे आम्ही सक्तीचे केले. आधीच्या नोंदी पुसल्या नाहीत. त्यांना खूण केली आणि त्या वगळून आलेले उत्तर अहवालाच्या परिशिष्टात दिले. ज्या संस्थांकडे अशी यंत्रे आहेत त्यांनी शेवटच्या अंकाचा हा आलेख पहिल्याच आठवड्यात काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याला ‘आर’मध्ये दोन ओळी पुरतात.

या १२च्या सीमेविषयी आणखी एक प्रश्न होता, आणि तो पुण्याच्या भूगोलातून आलेला होता. उंचीवर हवेत ऑक्सिजनचा दाब कमी असतो, त्यामुळे तेथे राहणाऱ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन अधिक तयार होते. म्हणून मोजलेल्या आकड्यातून उंचीनुसार काही वजा करून मग सीमा लावायची, अशी जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत आहे. जुन्या तक्त्यात ही वजाबाकी १,००० मीटरपासून सुरू होई. त्यामुळे महाबळेश्वरच्या स्त्रीला ती लागू होत असे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असलेल्या पुण्यातल्या स्त्रीला नाही. मार्च २०२४ मध्ये संघटनेने नवी मार्गदर्शक सूचना काढली आणि ५०० ते ९९९ मीटर उंचीसाठीही ०.४ ग्रॅम वजा करावेत असे सुचवले. म्हणजे यंत्रावर १२.० ते १२.३ ग्रॅम दिसलेली, गरोदर नसलेली पुण्यातली प्रत्येक स्त्री जुन्या नियमाने निरोगी आणि नव्या नियमाने रक्तक्षयग्रस्त ठरते. एरवी ०.४ ग्रॅम ही क्षुल्लक बाब वाटेल. पण राज्याचे प्रमाण जर निम्म्याच्या आसपास असेल, तर १२ ही रेषा वितरणाच्या मधोमध, सर्वांत दाट गर्दीतून जाते, आणि ती किंचित सरकली तरी पुष्कळ स्त्रिया इकडच्या तिकडे होतात. आमच्याही माहितीत तसेच झाले.

सीमारेषा कोठे आखावी हा वाद पुण्याला नवा नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचे मोजमाप करताना दरडोई २,२५० कॅलरींची रेषा धरली होती. साताऱ्याच्या बुध गावचे, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात आलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा अशा रेषेला आक्षेप होता. एकाच निरोगी माणसाची ऊर्जेची गरज काळानुसार वरखाली होत असते, तेव्हा सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला कुपोषित म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वादात कोण बरोबर होते यावर आजही मतभेद आहेत, आणि मला स्वतःला दांडेकरांची चिंता अधिक जवळची वाटते. परंतु रेषा बदलली की लाखो माणसांची गणना बदलते, हे त्या दोन्ही बाजूंनी पूर्ण गांभीर्याने घेतले होते. त्याच शहरात बसून मी गुपचूप एक रेषा निवडून मोकळी झाले असते, तर ते मला योग्य वाटले नसते. म्हणून आमच्या मुख्य तक्त्यात दोन स्तंभ आहेत. एक राष्ट्रीय सर्वेक्षणाशी तुलना करता यावी म्हणून जुन्या पद्धतीचा, आणि दुसरा २०२४च्या सूचनेनुसार. राज्याच्या ५४.२ टक्क्यांशी केवळ पहिल्याचीच तुलना करावी, आणि राज्यातील तो आकडा २०१९ मधील, साथीच्या आधीचा आहे हे लक्षात ठेवावे, अशी टीप तक्त्याखालीच दिली आहे.

यानंतर भारांचा विषय येतो. आम्ही आधी वस्त्यांची यादी करून तिच्यातून काही वस्त्या चिठ्ठ्यांप्रमाणे यदृच्छेने निवडल्या, निवडलेल्या प्रत्येक वस्तीत फिरून घरांची यादी केली, त्या यादीतून ठरावीक घरे निवडली आणि प्रत्येक घरातून पात्र वयाची एक स्त्री निवडली. समजा, २०० घरांच्या वस्तीतून २० घरे घेतली आणि १,००० घरांच्या वस्तीतूनही २०च घेतली. पहिल्या वस्तीतले प्रत्येक घर दहा घरांच्या वतीने बोलते, दुसऱ्या वस्तीतले पन्नास घरांच्या वतीने. दोघांना सारखे मोजले तर मोठ्या वस्त्यांचा आवाज दबतो. घराच्या आतही हेच होते. एकटी राहणारी स्त्री निवडली जाणार हे नक्की असते. पण दोन सुना आणि एक अविवाहित मुलगी असलेल्या घरात प्रत्येकीची शक्यता एक तृतीयांश उरते, म्हणून जी निवडली गेली तिचा भार तिप्पट धरावा लागतो. भार लावला नाही तर एकत्र कुटुंबातील सुना आकडेवारीतून हळूहळू गळून जातात, आणि सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बहुधा त्याच असतात. रक्तक्षयाच्या अभ्यासात हे होऊ देणे मला तांत्रिक चूक तर वाटतेच, पण अन्यायही वाटतो.

वस्तीवार निवडीचा दुसरा परिणाम अचूकतेवर होतो. एका वस्तीतल्या स्त्रियांना पाणी तेच, रेशनचे दुकान तेच, कामाच्या सोसायट्याही बहुधा त्याच. त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकींसारखे असतात आणि विसावी स्त्री पहिलीइतकी नवी माहिती देत नाही. हे साम्य मोजणारा गुणांक ०.०५ इतका लहान असला आणि प्रत्येक वस्तीतून २० स्त्रिया घेतल्या, तरी विचरण (उत्तरातील अनिश्चितता मोजणारा आकडा) १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ पट होते. सोप्या शब्दांत, नमुना जवळपास निम्म्या आकाराचा असल्यासारखा वागतो. ‘सर्व्हे’ पॅकेजमध्ये वस्ती, स्तर (निवडीसाठी केलेले वस्त्यांचे गट) आणि भार कोणते हे एकदा सांगितले की पुढची प्रत्येक टक्केवारी हे सर्व धरून येते, आणि तिच्याभोवतीची अनिश्चिततेची मर्यादाही खरी तेवढी रुंद येते. एका स्तरात एकच वस्ती उरली होती, तेव्हा विचरण काढता येत नाही असा संदेश देऊन संगणक थांबला; तो स्तर शेजारच्या सारख्या स्तरात मिसळून पुढे गेलो.

भार लावूनही जे सुटते ते म्हणजे न भेटलेल्या स्त्रिया. सकाळी अकराला वस्तीत गेले तर धुणीभांडी आणि स्वयंपाकाची कामे करणाऱ्या स्त्रिया घरी नसतात. म्हणून संध्याकाळच्या आणि रविवारच्या भेटी आराखड्यातच होत्या. तरीही काही राहिल्याच. मुलाखत दिली पण बोटाला सुई टोचू दिली नाही, अशाही काही होत्या. या दुसऱ्या गटाचे वय, शिक्षण आणि काम आमच्याकडे नोंदलेले असल्याने त्यांची तपासणी झालेल्यांशी तुलना करता आली. घरकामगार स्त्रियांमध्ये नकार अधिक आढळला. कारण विचारल्यावर ‘उद्या बोट दुखलं तर भांडी कशी घासू’ असे उत्तर मिळाले, ज्यावर कोणत्याही सूत्रात उपाय नाही. अहवालात ही बाब तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात न ठेवता मुख्य निष्कर्षांसोबतच लिहिली आहे.

शेवटचा टप्पा संबंध शोधण्याचा होता. शिक्षण, आहार, बाळंतपणांतील अंतर यांचा रक्तक्षयाशी संबंध पाहण्यासाठी आरोग्य क्षेत्रात सर्रास लॉजिस्टिक रिग्रेशन ही सांख्यिकीय पद्धत वापरतात आणि त्यातून ऑड्स रेशो मिळतो. आजार असलेल्यांना नसलेल्यांनी भागून येणाऱ्या आकड्याची दोन गटांतली ती तुलना असते. आजार दुर्मिळ असेल तर हे गुणोत्तर प्रमाणांच्या साध्या गुणोत्तराच्या जवळ राहते. रक्तक्षय दुर्मिळ नाही. एका गटात ६० टक्के आणि दुसऱ्यात ५० टक्के असेल तर साधे गुणोत्तर १.२ येते, पण ऑड्स रेशो १.५ येतो, आणि मग वृत्तपत्रात ‘दीडपट धोका’ असे छापले जाते. प्रत्यक्षात दर शंभर स्त्रियांमागे दहा अधिक एवढाच फरक असतो. म्हणून मी प्वासाँ पद्धतीचे प्रतिमान वापरून थेट प्रमाणांचे गुणोत्तर काढले, आणि प्रत्येक गुणोत्तराशेजारी दर शंभरी फरकही दिला. पालेभाज्यांच्या प्रश्नावर कार्यकर्त्यांनी मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी अशी नावे मोकळ्या मजकुरात लिहून आणली होती. त्यांचे गट करताना आहारतज्ज्ञ सोबत बसल्या. तरीही एका वेळच्या भेटीतून आहारामुळे रक्तक्षय झाला असे म्हणता येत नाही, कारण डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचे सांगितल्यामुळेच काहींनी पालेभाजी वाढवलेली असू शकते.

निष्कर्ष वस्त्यांमध्ये वाचून दाखवायचे, हे सुरुवातीपासून ठरलेले होते. अशाच एका बैठकीत मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, “ताई, सगळ्या पुण्याचं सांगितलंत, आमच्या गल्लीचं किती ते सांगा.” आमच्या नमुन्यात त्यांच्या गल्लीतील इतक्या थोड्या स्त्रिया होत्या की टक्केवारी काढलीच असती तर तिची मर्यादा जवळजवळ शून्यापासून शंभरापर्यंत पसरली असती, म्हणून ती देता येणार नाही असे मी त्यांना सांगितले आणि का ते फळ्यावर मांडून दाखवले. “मग सगळ्यांचंच रक्त तपासा की,” असे त्या म्हणाल्या. त्या वस्तीतील आशा कार्यकर्तीसोबत आता पात्र वयाच्या प्रत्येक स्त्रीची तपासणी करण्याचा आराखडा तयार होत आहे. त्यासाठी माझ्या फाइलमधला निवडीच्या भारांचा आणि वस्तीवार निवडीचा भाग काढून टाकावा लागेल, कारण तेथे निवड होणारच नाही. शेवटच्या अंकांचा आलेख, यंत्राच्या छायाचित्राची अट, दोन सीमांचे दोन स्तंभ आणि न भेटलेल्या स्त्रियांचा हिशेब हे भाग मात्र जसेच्या तसे राहतील.